काळजाला शेक

आमच्या ह्यांना कुणी विचारलं, "वहिनी मुंबईला हॉस्पिटलात नेमकं काय करायच्या हो?" की हे गंभीर चेहरा करून सांगतात, "खोलीच्या बाहेर उभी राहायची." मला राग येतो तो एवढ्याचसाठी, की ते खरं आहे. मी रेडिएशन फिजिसिस्ट होते. कॅन्सरच्या पेशंटला किरणं द्यायची तर किती द्यायची, कुठल्या बाजूने द्यायची, किती वेळ द्यायची, याचं गणित मी करायची. गणित झालं की पेशंटला आत झोपवायचं, सगळ्यांना बाहेर काढायचं, जाडजूड दार लावायचं आणि आपणही बाहेर उभं राहायचं. जन्मभर मी हेच केलं आणि त्याचं पेन्शन खातेय.

लोकांना वाटतं मी डॉक्टर. मी डॉक्टर नाही. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय, की शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगो, कळलं हो सगळ्यांना. नाहीस तर नाहीस, त्यात एवढं सांगण्यासारखं काय आहे?" रिटायर होऊन रत्नागिरीला माहेरच्या गावी येऊन राहिले, तर इथे नवीनच पदवी मिळाली. शेकवाल्या बाई. भाजीवालीसुद्धा म्हणते, "शेकवाल्या बाई, माठ ताजा आहे, घ्या."

आता हा 'शेक' काय ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच शब्दावरून घडलं. एरवी किती मायेचा शब्द! बाळंतिणीला शेक, कंबरेला शेक, बाळाच्या पोटाला हाताने दिलेला शेक. पण आपल्याकडे रेडिएशनलाही शेकच म्हणतात. किरणोत्सार वगैरे शब्द शाळेच्या पुस्तकात राहिले. आणि "त्याला शेक चालू आहेत," हे वाक्य आपली माणसं आवाज खाली आणून बोलतात. ऐकणाराही पुढे विचारत नाही. रोगाचं नाव तोंडातून न काढता अख्ख्या गावाला कळतं, फक्त पेशंटला कळू द्यायचं नसतं.

त्याची एक रीतच आहे. पेशंट खुर्चीत बसतो, मुलगा किंवा जावई त्याच्या मागे उभा राहतो आणि पाठीमागून मला डोळ्यांनी, भुवयांनी, प्रसंगी दोन्ही हातांनी खुणा करतो. सांगू नका, सांगू नका. मग मी म्हणायची, "काका, साधी गाठ आहे. शेक देऊ, विरघळेल. तुम्हाला तसलं काही नाही." यात मी इतकी तरबेज झाले होते, की आमच्या खात्यात कुणाचे नातेवाईक फारच रडकुंडीला आले तर डॉक्टर मलाच बोलवायचे. "मॅडम, जरा ते तुमचं 'तसलं काही नाही' सांगा यांना."

हे झालं कॅन्सरचं. मला हृदयाकडे नेलं ते डॉ. सामंतांनी. तेव्हा ते तरुण होते, डोक्यावर केस होते. एक दिवस माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "मॅडम, तुमचे किरण मला हृदयाच्या आत पाहिजेत." मला वाटलं, यांना विश्रांतीची गरज आहे.

पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हृदयाची रोहिणी चोंदली की फुग्याने उघडतात आणि आत बारीक जाळी बसवतात, स्टेंट. आपल्याकडे स्प्रिंग म्हणतात. पण फुगा आत फुगला म्हणजे रोहिणीला जखम ही होणारच. शरीर ती जखम भरायला जातं. बहुतेकांचं शरीर शहाण्यासारखं भरतं आणि थांबतं. काही जणांचं मात्र थांबायचं नावच घेत नाही. जाळीच्या आतून मांस वाढत राहतं आणि काही महिन्यांनी रोहिणी पुन्हा बंद. पुन्हा फुगा, पुन्हा जखम, पुन्हा तेच. ते वाढणारं मांस थांबवायला तिथे आतूनच किरणं द्यायची, अशी ती कल्पना होती. भाताच्या दाण्याहून बारीक अशा किरणं देणाऱ्या बियांची एक रांग, ती मांडीतून हृदयापर्यंत गेलेल्या नळीतून पाण्याच्या दाबाने ढकलायची. नेमक्या जागी काही मिनिटं थांबवायची आणि तशीच परत डबीत ओढून घ्यायची. किती मिनिटं, ते मी सांगायचं. आणि परत आल्या की नाही, ते मी बघायचं. यातली गंमत अशी, की या किरणांना लांबचा पल्ला नसतो, त्यामुळे मला आयुष्यात पहिल्यांदाच खोलीच्या आत उभं राहायला मिळालं. ह्यांना मी फोन करून सांगितलं होतं, "आज आत होते." हे म्हणाले, "बरं, मग बाहेर कोण होतं?"

सुरुवातीच्या पेशंटांत एक आंजर्ल्याचे बागायतदार होते, आप्पा. पेशंट या वेळी पूर्ण जागा असतो, आणि आप्पा तर जरुरीपेक्षा जास्तच जागे होते. टेबलावर आडवे पडून त्यांनी मला विचारलं, "बाई, या बिया आत गेल्यावर रुजणार तर नाहीत ना?"

"नाही हो आप्पा, सगळ्या परत काढणार."

"मोजून घ्या हो. नारळ उतरवतात तेव्हा मी स्वतः खाली उभा राहून मोजतो."

अशा वेळी बिया अडकल्या तर काय करायचं, याची रंगीत तालीम मी सगळ्या स्टाफकडून महिनाभर करून घेतली होती. कुणी ओरडायचं नाही, कुणी घाबरायचं नाही, सगळी नळी शांतपणे बाहेर काढून पेटीत टाकायची. माझं भाषण सगळ्यांना तोंडपाठ होतं. आप्पांच्या वेळी नेमक्या बिया परत येताना अडल्या, आणि भरल्या खोलीत, सगळ्यांत मोठ्याने, मी ओरडले, "अगो बाई!" सामंतांनी नळीला पडलेला बाक सरळ केला, बिया सुळकन डबीत आल्या. श्वासभराचा प्रकार. तेवढ्यात टेबलावरून आप्पांचा आवाज आला, "बाई, ते 'अगो बाई' शास्त्रीय भाषेत काय असतं?"

पुढे औषध लावलेले स्टेंट आले. ते स्टेंटच मांस वाढू देईनात. चांगलंच झालं, पेशंटची एक फेरी वाचली. पण आमची ती डबी कपाटात गेली, तिच्यावर कापड पडलं. मी मोठ्या हौसेने त्या विषयात पारंगत झाले होते, परिषदांमध्ये निबंध वाचले होते, आणि आता कुणी विचारायलाही येईना. पाहुण्यांसाठी खपून काहीतरी करावं आणि पाहुण्यांनी "आम्ही जेवून आलो" म्हणावं, तशी माझी गत झाली. मी मुकाट्याने पुन्हा खोलीबाहेर उभी राहू लागले आणि यथावकाश रिटायर झाले.

तर दोनेक वर्षांपूर्वी सामंतांचा फोन आला. केस गेलेत आता त्यांचे, पण उत्साह तसाच. औषधाचे स्टेंट घालूनही ज्यांची रोहिणी पुन्हा पुन्हा बंद होते, अशा मोजक्या लोकांसाठी त्यांनी ती जुनी पद्धत नव्या हॉस्पिटलात पुन्हा सुरू केली होती. मला इतका आनंद झाला, की मी फोनवरच मिनिटांचं गणित सांगायला लागले.

"मॅडम, गणिताला माणूस आहे," ते म्हणाले. "पेशंट नाहीये. तुमच्या रत्नागिरीचा पेशंट माझ्याकडून पळून गेला."

पेशंटचं नाव दत्ताराम. देवरूखच्या वरच्या अंगाला एका वाडीतला. उमेदीची सगळी वर्षं मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये काढली आणि मग घरी येऊन भातशेती करू लागला. एकाच रोहिणीत दोनदा स्प्रिंग बसली होती, दोन्ही वेळा आतून भरून आली. आता तिसरी घालायला जागा नव्हती, बायपासला त्याच्या रोहिण्या योग्य नव्हत्या. "दहा पावलं चालला की छातीत दुखतं त्याच्या," सामंत म्हणाले. "शेक दिला तर बरीच आशा आहे. नाही दिला तर, मॅडम, मला त्याचं काही खरं दिसत नाही."

"मग पळाला का?"

इथे सामंत जरा चाचरले. झालं होतं असं, की किरणांच्या कामासाठी त्याला हॉस्पिटलच्या रेडिएशन खात्यात सहीला पाठवलं. ते खातं कॅन्सरच्या इमारतीत. दारावर मोठी पाटी. आत बाकावर डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया, मानेवर शाईच्या खुणा असलेले पुरुष. एका मदतनीसाने त्याला प्रेमाने सांगितलं, "बसा काका, तुमच्या शेकाचं बघतो." दत्ताराम बसला नाही. तसाच बाहेर पडला आणि मिळाली ती गाडी धरून देवरूखला आला.

"तुम्ही त्यांच्या भाषेत सांगू शकाल," सामंत म्हणाले. "फक्त एवढंच पटवायचंय, की त्याला कॅन्सर नाही." मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? ते तर माझं जन्मभराचं काम.

दुसऱ्या दिवशी हातखंब्यावरून एसटीने देवरूख गाठलं, पुढे रिक्षा. दत्तारामच्या खळ्यात आठ-दहा माणसं बसली होती. कुणी शहाळं आणलेलं, कुणी केळी. सगळे हळू आवाजात बोलत होते. दत्ताराम ओटीवर भिंतीला टेकून बसलेला, अंगाने बारीक, डोळे मात्र मोठे तरतरीत. मी ओळख सांगितली.

"या बाई, बसा. सुनंदा, च्या टाक बाईंना. उगा कशाला तरास घेतलाव तुमी?"

मी घसा साफ केला. "दत्तारामभाऊ, तुमच्या हृदयातली स्प्रिंग आतून भरून आलीय. तिथे जरासा शेक द्यायचाय. बाकी काही नाही."

"व्हय व्हय. बाकी काय नाय."

"तुम्हाला कॅन्सर नाहीये."

झालं! खळ्यातल्यांनी माना खाली घातल्या. एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. आतून चहा घेऊन येणारी त्याची बायको, सुनंदावहिनी, उंबऱ्यातच थांबली. आत्तापर्यंत त्या घरात तो शब्द कुणी काढला नव्हता, तो मी काढला. दत्तारामने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग नव्हता हो, माझीच कीव होती.

"बाई, माज्या चुलत्याला पन मुंबयला असंच बोलले व्हते. साधी गाठ हाय, शेक देतो, तसला काय नाय. त्याच्या तेराव्याला जेवलो आमी."

"पण त्यांना खरंच होता!"

"मंग त्याला नाय म्हनून का बोलले?"

तो चुलता आमच्याच हॉस्पिटलात आला होता का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी आणखी जोर लावला. म्हटलं, शपथ घेते. तो म्हणाला, माझ्या चुलतभावानेपण घेतली होती. म्हटलं, कागद दाखवते. त्याने स्वतःच फाइल पुढे केली आणि एका पानावर बोट ठेवलं. कर्करोग विभागाचा गोल शिक्का! किरणं त्या खात्याची, म्हणून शिक्का त्या खात्याचा, हे मी समजावलं. खळ्यातल्या माणसांनी माना हलवल्या. ऐकून घ्यायचं म्हणून हलवतात तशा.

मग मला वाटलं, आपण शास्त्र सोप्या भाषेत सांगावं. त्या बाबतीत मला स्वतःबद्दल फार मोठे गैरसमज आहेत. समोर उतरणीवर दाढीची जमीन दिसत होती, भाताची रोपं करायची ती. मी म्हटलं, "हे बघा, तुम्ही दाढ भाजता ना? वर तोडलेल्या फांद्यांची कवळं आणि पालापाचोळा पसरून पेटवता, कशासाठी? तण माजू नये म्हणून. तसंच तुमच्या हृदयात वाढणारं ते तण आम्ही जरासं भाजून..."

"म्हंजे माज्या काळजात भाजावळ?" दत्ताराम सरळ उठून बसला.

"आनि वनवा लागला तर इजवायचा कोनी?" सुनंदावहिनी उंबऱ्यातून म्हणाली. म्हातारीने देवाचं नाव घेतलं. मी चहा घेतला आणि परतीची एसटी पकडली.

हे दारातच उभे होते. "काय, पटवलंस?" मी सांगितलं, काय झालं ते. ह्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे जन्मभर ज्यांना होता त्यांना नाही म्हणून सांगितलंस. आता ज्याला नाही त्याला नाही म्हणून सांगतेस, तर त्याने तरी का विश्वास ठेवावा?" मी त्या रात्री जेवले नाही. ह्यांच्यावरचा राग होताच, पण ते बोलले त्यात चूक काढता येईना याचा जास्त होता.

आठवड्याने सुनंदावहिनीचा फोन आला. आवाज अगदी लहान. "बाई, ह्येनी ठरवलान की देवीला कौल लावूचा. देवी बोलंल ता करतील. तुमी येवा. माजं कोन ऐकत नाय." मग म्हणाली, "काल न्हानीपर्यंत जाताना दोनदा बसले."

विज्ञानाची पदवी असलेली, अणुऊर्जेच्या लोकांकडून प्रशिक्षण घेतलेली बाई कौल ऐकायला निघाली. ह्यांनी विचारलं, "देवीला गणित समजावून सांगणार आहेस काय?" मी पर्स उचलली आणि निघाले.

गावदेवीचं देऊळ उंचावर, जांभ्या दगडाच्या पायऱ्या. दत्तारामला काही जण उचलून न्यायला तयार होते, पण तो ऐकेना. देवीकडे चालत जायचं. दोन पायऱ्या चढला की थांबायचा, छातीवर तळहात ठेवून झाडांकडे बघत उभा राहायचा, जशी काही झाडंच बघायला थांबलाय. सुनंदावहिनी मागे, हात पुढे करून, पण त्याला न शिवता. मी तिच्या मागे. मला आयुष्यभर पेशंट दिसला तो काचेतून नाहीतर पडद्यावर. असा पुढ्यात, पायरीपायरीला दम खात चढणारा कधी बघितलाच नव्हता. मला भीती वाटली. हा इथेच बसला आणि उठलाच नाही तर, अशी अगदी सरळ भीती.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. माणूस कुठला, काय आजार, कुठे शेक सांगितलाय, सगळं देवीच्या कानावर घातलं. मग पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना लावल्या. उजवी पडली तर शेक घ्यायचा, डावी पडली तर नाही. मी हात जोडले होते. मनात काय म्हणत होते ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. 'आई, उजवी. उजवी पाड. मिनिटांचं गणित मी बरोबर करीन.'

पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. गुरवाने पुन्हा विनवलं. पुन्हा पाणी शिंपडलं. लोक बघताहेत आणि दोन्ही पाकळ्या चिकटून बसलेल्या. शेवटी गुरव मागे वळला. "देवी बोलत नाय. पुन्हा कदी तरी लावूया."

दत्ताराम माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर हसू होतं. "बगा बाई. देवी पन लपवते."

आम्ही बाहेर आलो. पहिल्या पायरीवर तो बसला. तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम. सुनंदावहिनीने जिभेखालची गोळी दिली आणि पदराने त्याचं तोंड पुसायला लागली. गोळी विरघळत असताना तो मला म्हणाला, "घरी मरू दे बाई. शेक घेऊन मरनार, त्यापरास तुळशीपाशी बरा. सुनंदाला सांगा ना जरा, तुमचं ऐकंल."

माझं डोकंच फिरलं. वेड्यासारखी मी त्या देवळाच्या पायरीवर ओरडले. "हो! आहे! आहे तुम्हाला कॅन्सर! झालं समाधान? कॅन्सर आहे, हृदयात आहे, आणि शेक घेतलात तर बरा होतो! आता येताय का मुंबईला?"

माझ्या तोंडून हे निघालं, आणि हे बोलणारी बाई दुसरीच कुणी असावी तशी मी स्वतःकडेच घाबरून बघायला लागले. हृदयाचा असला कॅन्सर! माझ्याबरोबर शिकलेलं कुणी तिथे असतं तर त्यांनी माझी पदवी काढून घेतली असती. सुनंदावहिनीच्या हातातला पदर तसाच राहिला. पण दत्तारामच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. खांद्यावरचा भारा उतरवल्यावर माणूस जसा मान सोडून बसतो तसा तो बसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"येवढे दिवस का नाय बोललाव बाई?" तो म्हणाला. "सगली माज्याशी खोटी बोलत व्हती. ही पन. मी एकलाच पडलो व्हतो." मग डोळे पुसून, "कितवी पायरी?"

मला कळेना. मग लक्षात आलं, स्टेज. "पहिली," मी म्हटलं.

"शेकानं जाईल?"

"बहुतेक." खोटं बोलतानाही माझ्या तोंडून शंभर टक्के निघालं नाही. सवयच ती.

"मंग जाव या," दत्ताराम म्हणाला.

उतरताना मी सुनंदावहिनीला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "कायबी असू दे. जाताहेत ना?" घरी येऊन सामंतांना फोन केला. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "मॅडम, मी हे असं चालवून घेऊ शकत नाही. मी त्याला नीट सांगणार आणि मगच सही घेणार." मी म्हटलं, जरूर. आणि त्यांनी खरोखरच अर्धा तास बसून, चित्र काढून सगळं सांगितलं. स्प्रिंग, मांस, बिया, धोके, सगळं. शेवटी सांगितलं, की हा कॅन्सर नाही. दत्तारामने सगळं लक्ष देऊन ऐकलं, सही केली आणि सामंतांचा हात थोपटून म्हणाला, "तुमी तुमची रीत सांबाळा डॉक्टर. मना बाईनी सगला सांगितलान हाय."

शेक दिला त्या दिवशी मी काचेबाहेर उभी होते. पाहुणी म्हणून. गणित एका तरुण मुलीने केलं आणि ते बरोबर होतं, मी मनात दोनदा पडताळून बघितलं. बिया गेल्या, थांबल्या, परत आल्या. कुणीही 'अगो बाई' केलं नाही. दत्तारामने मान वळवून मला विचारलेलं काचेतून ऐकू आलं नाही, पण नंतर कळलं, तो म्हणत होता, "येवढाच शेक? येवढ्यासाटी चुलता मेला काय?"

तो बरा झाला. आता शेत करतो, देवळाच्या पायऱ्या चढतो. चढून वर गेला की सामंतांना फोन लावतो, पोचलो म्हणून. पण खरी गंमत पुढेच. दत्तारामला वाटतं, आपण कॅन्सरमधून उठलो, आणि तो हे लपवत नाही. लग्नात, गणपतीत, देवरूखच्या बाजारात, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला, तो मोठ्या आवाजात सांगतो, "मना कॅन्सर झालेला. काळजात. शेक घेतला, गेला." मी दोनदा त्याच्याकडे जाऊन बसले. म्हटलं, दत्तारामभाऊ, खरं सांगते, तुम्हाला तो नव्हताच. तो हसतो, आत वळून म्हणतो, "सुनंदा, बाई पुन्हा सुरू झाल्या बग. च्या टाक." ह्यांचं तर ठरलेलं वाक्य आहे, की माझ्या अख्ख्या कारकिर्दीतला कॅन्सरचा सगळ्यांत यशस्वी पेशंट तो, ज्याला कॅन्सर नव्हता.

हसते मीही. पण मला त्याचं पुष्कळ दिवस वाईट वाटत होतं. एका भल्या माणसाच्या डोक्यात मी नसता आजार घालून ठेवला, आणि तो काही आता निघत नाही.

मागच्या महिन्यात सकाळी दारात एक बाई आली. वत्सलाकाकी, दत्तारामच्याच वाडीतली, साठीच्या आसपासची. बरोबर मुंबईहून आलेला मुलगा. छातीत गाठ हाताला लागली तशी ती घरात कुणालाही न विचारता एकटी एसटीने रत्नागिरीला येऊन डॉक्टरांना दाखवून गेली होती. त्यांनी तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट ती घेऊन आली होती. गाठ अजून लहान होती, काकी वेळेत आली होती. माझ्या तीस-पस्तीस वर्षांत त्या भागातली एवढ्या लहान गाठीची बाई माझ्या खात्यात आलेली मला आठवत नाही. यायच्या त्या फार उशिरा यायच्या.

ती खुर्चीत बसली. मुलगा तिच्या मागे उभा राहिला. मी रिपोर्ट वाचून मान वर केली, तर तो डोळ्यांनी, भुवयांनी, मग दोन्ही हातांनी खुणा करत होता. सांगू नका. मला ते सगळं पाठ होतं. तोंडात वाक्य तयार होतं.

"मी डॉक्टर नाही," मी सुरुवात केली. मग रिपोर्ट मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे बघून म्हटलं, "काकी, हा कॅन्सर आहे."

मुलाने भिंतीला हात टेकला. वत्सलाकाकीने पदर सारखा केला, पुढे वाकली आणि विचारलं, "दत्तारामाला झालेला, तोच ना?"

मी मुलाकडे बघितलं. त्याने खुणा करायचं थांबवलं होतं.

"हो काकी," मी म्हटलं. "तोच."